पार्सलबाबूंची खिडकी

खिडकी बंद करताना कुलकर्णीबाबू समोरच्या माणसाकडे बघत नसत. डावं मनगट डोळ्यांसमोर, नजर घड्याळावर आणि उजव्या हाताने लाकडी फळी खाली. काष्टीच्या अलीकडच्या आमच्या छोट्या स्टेशनावर ते पार्सलबाबू होते. कोणी गयावया केलीच, तर फळीमागून आवाज यायचा, "माणूस बघितला की वेळ चुकते."

तीस वर्षांपूर्वी ती फळी माझ्या तोंडावर पडली. दसरा तोंडावर होता. उधारीवर घेतलेला झेंडू सात करंड्यांत भरून मी सायकलवर दोन खेपांत आणला. चार मिनिटं उशीर झाला. गाडी फलाटावर उभीच होती.

"बाबू, गाडी हाय की अजून!"

"गाडी आहे, बुकिंग संपलं. उद्या या."

उद्याची गाडी पोचेपर्यंत दसरा उलटणार, मग झेंडूला कोण विचारतो? माल उकिरड्यावर गेला. ते नुकसान मी पुढे भरून काढलं, टेम्पो घेतले, बाजारात माझ्याशी घासाघीस करायला लोक कचरतात. पण एक गोष्ट डोक्यातून गेली नाही. त्या दिवशी माझा सदरा फाटका होता. माझ्या जागी कोणी बडा व्यापारी असता, तर फळी वर गेली असती, अशी माझी खात्री होती. बाबू निवृत्त होऊन गावातच राहिले. मी त्यांच्याशी बोललो नाही.

गेल्या वर्षी गावाने जुनं स्टेशन लोकांना दाखवायचा एक दिवस ठरवला. बंद पडलेली पार्सलची खोली उघडायची परवानगी मिळाली; बाबू खिडकीवर बसून पूर्वीसारखं बुकिंग करून दाखवणार होते. ऐंशी ओलांडलेले बाबू काठी टेकत माझ्या दारात आले.

"करंड्या हव्यात. झेंडूने भरलेल्या. रिकामी करंडी काट्यावर खोटं बोलते."

"माझा माल घेतला न्हाई तवा, अन् आता मागाय आला?"

"तेव्हा तुम्ही उशिरा आलात. आता चार दिवस हातात आहेत, म्हणून मागतोय."

डोकं असं तापलं! पण मी हो म्हणालो. अट घातली नाही की भाव केला नाही, तेव्हा बायको माझ्याकडे बघतच राहिली. माझा हिशेब वेगळा होता. पहिली करंडी तालुक्याच्या पुढाऱ्यांच्या हस्ते बुक व्हायची होती, आणि ते आजवर कुठे वेळेवर पोचलेले नाहीत. दहाला खिडकी बंद होणार होती. साहेबांसाठी ती उघडताना मला बाबूंचं तोंड बघायचं होतं.

त्या दिवशी मी साडेनऊलाच गेलो. शाळेची पोरं, म्हातारी माणसं, सगळी खिडकीपुढे दाटली होती. साहेबांसाठी एक करंडी बाजूला काढली आणि बाकीच्या बाबूंनी एकेक करून तोलल्या. दहाला मनगट वर गेलं, फळी खाली आली. वीस मिनिटांनी साहेबांच्या गाड्या आल्या. हार झाले, फोटोवाला सरसावला.

"बाबू, उघडा बरं," सरपंचबाई म्हणाल्या.

"बुकिंग संपलं."

"आवो, हितं आता गाडीबी थांबत न्हाई! खोट्याखोट्याचा तर खेळ हाय!"

"मग खोट्याखोट्याचं उद्या या."

पोरं फिदीफिदी हसली. साहेब हसत पुढे झाले. "बाबा, दोनच मिनिटं."

मी फळीला अगदी खेटून उभा होतो. 'आता दिसला का सदरा?' हे वाक्य तीस वर्षं जपून ठेवलं होतं. फळी हलली नाही. साहेबांचं हसू मावळलं, सरपंचबाईंना घाम फुटला, तरी हलली नाही. आतून तोच थंड आवाज आला, "माणूस बघितला की वेळ चुकते."

सरपंचबाई काकुळतीला आल्या. "शेठ, तुमी तरी सांगा की त्यांना!"

"मी एकदा सांगून बघितलंय, बाई," मी म्हणालो. "ऐकत न्हाईत ते."

बाबू यंदा उन्हाळ्यात गेले. चार मिनिटांचा तो हट्ट चुकीचाच होता, हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन. पण माझा झेंडू सडला तो मी लहान माणूस होतो म्हणून नव्हे. एवढं कळायला मला तीस वर्षं लागली.