बर्फाचे ठोकळे आणि एक्स-रेची फिल्म

माझी बायको कल्याणी मेश्राम हॅलिफॅक्सच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. हिवाळ्यात सुट्टी मिळाली की ती लाकडी कॅमेरा घेऊन समुद्रकाठी जाते, आणि तो कॅमेरा ठेवलेली स्लेड, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढतो मी.

कल्याणी नागपूरच्या इंदोऱ्यातली. ती शिकली तेव्हा एक्स-रे फिल्मवर निघायचे. लाल दिव्याच्या खोलीत फिल्म रसायनात बुडवायची, हलवायची, धुवायची, वाळत टांगायची. ते काम तिला मनापासून आवडायचं. कॅनडात आलो तोवर सगळं काँप्युटरवर गेलेलं. तिनं परत परीक्षा दिल्या, लायसन्स मिळवलं, नोकरी लागली. पण ती अंधारी खोली गेली याची हळहळ तिच्या बोलण्यात अधूनमधून यायचीच.

आमच्या शेजारी मिसेस मॅकआयझॅक राहतात. ऐंशी उलटलेल्या. बर्फ पडला की त्यांचा ड्राइव्ह-वे मीच शोव्हल करतो. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं आणि बेसमेंटमधून एक पेटी आणवली. आत त्यांच्या नवऱ्याचा कॅमेरा. लाकडाचा, पुढं लेन्स, मध्ये बाजाच्या पेटीसारखा भाता, मागं धुरकट काच. एकेक फिल्म वहीच्या पानाएवढी.

"मुलांना नकोय," त्या म्हणाल्या. "आणि याला लागते तेवढी मोठी फिल्म आता सहज मिळत नाही."

कल्याणीनं हातानं माप घेतलं आणि हसली. "एक्स-रेची फिल्म बसेल यात."

मला वाटलं गंमत करतेय. पण जनावरांच्या दवाखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानातून तिनं खरंच डबा मागवला. आमची मुलगी उत्कर्षा म्हणाली, "आई, जस्ट यूज युअर फोन!" कल्याणीनं तिला कॅमेऱ्यावर टाकलेल्या काळ्या कापडाखाली बोलावलं. मागच्या काचेवर आमचं अंगण उलटं उभं होतं, झाडाच्या फांद्या खाली, बर्फ वर. "ओके, दॅट्स कूल," एवढं बोलून पोरगी बराच वेळ आत राहिली.

पहिला हिवाळा नुसता शिकण्यात गेला. काळ्या कापडाखाली श्वास सोडला की काचेवर लगेच बर्फ धरायचा. मग ती श्वास रोखून फोकस करायला लागली, आणि श्वास घ्यायला डोकं बाहेर काढायची. फिल्मवर विजेसारख्या फांद्या फुटलेल्या दिसायच्या. मी म्हटलं, डबाच खराब निघाला. ती म्हणाली, "नाही जी. कोरड्या हवेत फिल्म घासली की असंच होते. नागपूरला थंडीत आमच्या छातीच्या फोटोंवर यायचे हे." फिल्म ज्या चपट्या खोक्यात घालून कॅमेऱ्यात बसवतात, त्याचं सरकतं झाकण ती हळूहळू ओढायला लागली आणि त्या विजा बंद झाल्या.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही मिनास बेसिन नावाच्या खाडीच्या काठावर गेलो. तिथं भरती-ओहोटीचं पाणी चार-पाच मजले चढतं-उतरतं. ओहोटी लागली की ट्रकएवढे बर्फाचे ठोकळे तांबड्या चिखलात रुतून राहतात. तिनं ती जागा मुद्दाम निवडली होती. एक्स-रेच्या फिल्मला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे छापात तो चिखल काळाभोर येणार आणि त्यावर बर्फ उठून दिसणार, हे तिला घरीच ठाऊक होतं.

थंडी उणे अठराच्या आसपास, वर वारा. भाता शिडासारखा फुगत होता, म्हणून मी ब्लँकेट पसरून वाऱ्याच्या बाजूला उभा राहिलो. तिनं तिपाई रोवली, फोकस केला, फिल्म बसवली, झाकण काढलं आणि शटर दाबलं. ते आळस दिल्यासारखं उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. आतलं तेल थंडीनं घट्ट झालं होतं. जास्त उजेडानं ती फिल्म जळाली.

"चल आता," मी म्हटलं. "पाणी फिरलंय." लांबवर करडी रेघ पुढं सरकत होती. त्या किनाऱ्यावर पाणी माणसाच्या चालीनं येतं.

"एक फिल्म आहे अजून."

"आणि शटर?"

"राहू दे उघडं. टोपीनं काढते."

लेन्सची टोपी तिनं घट्ट बसवली. जाड हातमोजे काढून माझ्या खिशात कोंबले, कारण त्यांनी टोपी नीट पकडता येत नव्हती. दुसरी फिल्म घातली, झाकण सावकाश ओढलं आणि वारा पडायची वाट बघत उभी राहिली. पाणी पहिल्या ठोकळ्याला टेकलं.

"कल्याणी!"

"काऊन ओरडून राहिले? ब्लँकेट हलते ना!"

मी ब्लँकेट घट्ट ताणून धरलं. वारा अचानक बसला. तिनं टोपी अलगद काढली, मनात मोजलं, परत बसवली. झाकण सरकवलं आणि मग म्हणाली, "चला, पळा!"

आम्ही स्लेडसकट धावलो. गाडीत तिच्या बोटांची टोकं मेणासारखी पांढरी झालेली दिसली. मी तिचे हात काखेत धरले. रक्त परत यायला लागलं तशी ती कळवळली, डोळ्यांत पाणी आलं, तरी पहिला प्रश्न हाच, "फिल्मची पिशवी नीट बंद केली ना तुम्ही?" थंड फिल्म उबेत एकदम आणली की तिच्यावर दव धरतं, म्हणून. केली होती.

दुसऱ्या दिवशी ती बेसमेंटच्या वॉशरूममध्ये लाल बल्ब लावून बसली. त्या फिल्मला दोन्ही बाजूंनी रसायन असतं, नखाचाही ओरखडा उठतो. म्हणून ट्रेच्या तळाशी तिनं काच घातली होती. मी जिन्यावर बसून राहिलो. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग हाक आली, "अहो, या ना लवकर!"

दोरीवर ओली निगेटिव्ह टांगलेली. काळे ठोकळे, त्यांच्या भेगा, कडेला लोंबणारे बर्फाचे सुळके, सगळं कोरल्यासारखं. एकही वीज नाही, एकही ओरखडा नाही. कल्याणी दोन्ही हात कमरेवर ठेवून तिच्याकडे बघत होती. आमच्या लग्नाच्या फोटोतही ती इतकी खूश दिसत नाही.

एप्रिलमध्ये डार्टमथच्या एका छोट्या गॅलरीनं त्या निगेटिव्हवरून काढलेला छाप हिवाळ्यावरच्या प्रदर्शनासाठी निवडला. उद्घाटनाला आम्ही मिसेस मॅकआयझॅकना फेरीबोटीनं घेऊन गेलो. आमच्या आंबेडकर असोसिएशनची मंडळी जयंतीची तयारी अर्ध्यावर सोडून आली होती, त्यातली कल्याणीची मैत्रीण आनंदी तर लेकरांसकट. छापाखाली पाटी होती: कल्याणी मेश्राम, हॅलिफॅक्स.

मिसेस मॅकआयझॅक वॉकर धरून छापासमोर उभ्या राहिल्या. खुर्ची दिली, बसल्या नाहीत. शेवटी कल्याणीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पन्नास वर्षं मी त्या किनाऱ्यावर जातेय. असा मला तो कधी दिसला नव्हता."

 कल्याणी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली.

गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्हीच का फोटोग्राफर?"

"नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "त्या माझ्या मिसेस."

छाप मेअखेरपर्यंत तिथं आहे. फेरीबोटीतून उतरलं की पाच मिनिटांची वाट, अवश्य बघून या. एव्हाना तिनं त्या शटरचं तेल काढून टाकलंय आणि पुढच्या जानेवारीत केप ब्रेटनला जायचं ठरवलंय. माझ्यासाठी नवे विंटर बूट आलेत.