गुर्द्याच्या नळीचं अस्तर

अन्याय झाला तो माझ्या मित्राच्या वडिलांवर, यंदाच, १९८४ साली, रंगपंचमीनंतरच्या सोमवारी, भरदुपारी, आणि तोही चहा-बिस्किटं घेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. कॉलेजात ते शरीरशास्त्र शिकवतात. जगातल्या प्रत्येक वस्तूची आतली बाजूच तेवढी खरी मानणारा असा दुसरा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दाखवा, मी लिहिणं सोडतो. शिंप्याकडे नवा कोट आला की आधी तो उलटा करून बघणार. लग्नात कुणी शालू दाखवला तर पदर उलटून मागचे धागे तपासणार. चपलेच्या दुकानात एकदा दुकानदारच वैतागला, "काका, पायात घाला की, डोळ्याला काय लावताय?"

जैनाचं घर, कांदासुद्धा चालत नाही. पण काका रोज सकाळी थर्मास घेऊन मटण मार्केटात हजर. बोकडाच्या गुर्द्यात, म्हणजे मूत्रपिंडात, रक्त नेणारी नळी तेवढी हवी, गुर्दा नको. खाटीक म्हणाला, "पावणं, मटण सोडून पाईप न्हेणारं गिऱ्हाईक पयल्यांदाच बघतोय." गल्लीत व्हायची ती कुजबुज झाली, काकूंना टोमणेही बसले. काकांना पत्ता नाही.

कॉलेजातल्या जिन्याखालच्या खोलीत ते त्या नळीची अंगठीसारखी कडी कापत, हुपरीहून करून आणलेल्या चांदीच्या आकड्यांत अडकवत आणि कोमट खारट पाण्यात सोडत. एका औषधानं कडी आवळायची, दुसऱ्यानं सैल पडायची, आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर तशी रेघ चढायची, उतरायची. कॉलेजच्या पुस्तकात नळीच्या आतला पापुद्रा म्हणजे नुसतं अस्तर. काकांना ते सोसायचं नाही. "अस्तर न्हाय रे, सैल पडायचा हुकूम तिथनंच सुटतोय. पापुद्रा कायतरी सोडतोय, मग भोवतीचा स्नायू ढिला पडतोय. काय सोडतोय, ते अजून जगात कुणालाच ठावं न्हाय." आणि हे 'कुणालाच' ते असं खुशीत म्हणत, जणू घरी पेढे आलेत.

त्या सोमवारी संस्थेची मंडळी आली. खोली काकांकडे ठेवायची की टायपिंगच्या वर्गाला द्यायची, हे प्रयोग बघून ठरणार होतं. काका औषध आणायला वळले, तेवढ्यात स्वच्छतेचं वेड असलेल्या प्राचार्यसाहेबांनी, पाहुण्यांपुढं बरं दिसावं म्हणून, कडीच्या आतून कापसाची वात फिरवून रक्त पुसून टाकलं. काकांनी पहिलं औषध घातलं, कडी आवळली. दुसरं घातलं. रेघ वर ती वरच. कुणीतरी खोकलं. काकांनी कडी डोळ्याजवळ धरली आणि आतून कुणी पुसलं ते विचारलं. साहेबांनी अभिमानानं सांगितलं. तेव्हा या माणसानं त्यांचे दोन्ही हात धरले.

"साहेब, सिद्ध केलंत की तुम्ही. पापुद्रा गेला, सैल पडणं गेलं."

मंडळींना एवढंच कळलं, की प्रयोग फसला आणि वर माणूस हसतोय. खोली टायपिंगला गेली.

काका रागावलेले नाहीत, हेच मला सहन होत नाही. संध्याकाळी ओट्यावर मनगटावर दोन बोटं ठेवून बसतात. मी चिडून बोललो तर म्हणाले, "आत काम चालूच हाय की. बघायला मिळत न्हाय, एवढंच."

वाचणाऱ्यांनो, तुमची हळहळ मला नको. टाइपरायटर वरच्या मजल्यावरही तितकेच वाजतील. उद्याच प्राचार्यांच्या दारात उभे राहा आणि त्या माणसाची खोली त्याला परत द्या, असं तोंडावर सांगा.