न फिरणारी वीज

मामा उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि हवेत गोल फिरवायचे. प्रश्न कोणताही असो. "मामा, चहा येतोय का?" बोट गोल. "मामा, पगार झाला का?" बोट गोल. आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य, "सर, काईतरी फिरल्याशिवाय काई होत नाही."

साखरखेर्ड्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. मामा तिथे प्रयोगशाळेचे परिचर होते. म्हणजे फळ्यावर मी शिकवायचो आणि मुलांना समजायचं ते मामांमुळे. हे मी चारचौघांत पहिल्यांदाच कबूल करतोय, टाळ्या नकोत.

वीजनिर्मितीचा धडा तर तिकीट लावून दाखवावा असा. स्टोव्हवर कुकर, त्याची शिटी काढलेली. वाफेचा फवारा सुटला की समोर पत्र्याचं चाक, चाकाला सायकलचा डायनॅमो, डायनॅमोला इवलासा बल्ब. बल्ब पेटला की मामा मुलांकडे वळत. "पाह्यलं? कोळसा जाळा नाहीतर अणू फोडा, शेवटी पानी तापवून चाकच फिरवाचं हाये!" मग तेच चाक टेबलफॅनसमोर धरायचे. "हा वारा. याले तं चूलबी लागत नाही."

"आनि ऊन, मामा?" एखादी चुणचुणीत पोरगी विचारायची, आणि मामांचा चेहरा उतरायचा. सौर पॅनेलमध्ये काहीच फिरत नाही. सिलिकॉनवर उजेड पडतो, आतले इलेक्ट्रॉन सुटतात, वीज वाहू लागते. ना चाक, ना वाफ, ना आवाज.

"बसल्या जागी?" मामा मला विचारत.

"बसल्या जागी."

"अशा वस्तूचा भरोसा नाही सर."

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी कॉलेजात चार पॅनेल आले. बसवायचा लोखंडी सांगाडा मंजूर व्हायचा होता, तोवर मामांनी खोकी कपाटामागे सरकवली आणि वर खडूनं लिहून ठेवलं, 'न फिरनारे'.

इथवर तुम्ही हसला असाल तर बरंच आहे. मीही इथवरच हसतो.

मामींची फुप्फुसं चुलीच्या धुरानं निकामी झाली होती. मामा निवृत्त झाले त्याच वर्षी घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकाशी पोचवणारं. ते विजेवर चालायचं. मशीन चालू तर मामी चालू. त्या दोन-दोन शब्दांनी बोलायच्या, पण ते नेमके लागायचे. मला म्हणाल्या, "सर, यायले सांगा... घरात तरी... बोट फिरवू नका."

मी मामांना दोनदा म्हटलं, छतावर पॅनेल लावून घ्या.

"इन्व्हर्टर हाये नं सर. तीन-चार तास खेचते. तेवढ्यात लाईन येतेच."

मे महिन्यात वादळ झालं आणि गावाबाहेरचे विजेचे खांब ओळीनं आडवे झाले. लाईनमन म्हणाला, आठवडा धरून चाला. मामी चिखलीच्या दवाखान्यात जायला तयार होईनात. "मागं नेलं होतं... आता घरीच." मामा रोज चिखलीहून घरातला एकुलता ऑक्सिजनचा सिलिंडर भरून आणायचे, तो रात्र काढायचा. दिवस कशावर काढायचा? लग्नसराई, गावातले जनरेटर मांडवांत अडकलेले. एक कसाबसा मिळाला, दीड दिवस धडधडला आणि बसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. मशीन गप्प होतं. मामी उशांना टेकून बसल्या होत्या, प्रत्येक श्वासाला खांदे वर येत होते, ओठ निळसर. शेजारची बाई पुठ्ठ्यानं वारा घालत होती. तिनं मान वर करून छत दाखवलं.

छतावर मामांनी बांबू उभा केला होता. त्यावर जुन्या जीपचा डायनॅमो, डायनॅमोला तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पाती. पानही हलत नव्हतं. मामा हातानं पाती फिरवत होते. एक धक्का, दोन फेरे, बंद. पुन्हा धक्का.

"खांब पाडाले वारा होता सर," ते म्हणाले, "आता पातं हालवाले नाही."

त्यांच्या तळहातावर टरारून फोड आले होते. सकाळी कुकर लावून पाहिला होता.

"बल्ब लागला?" मी मूर्खासारखं विचारलं.

"बल्ब तं लागतेच नं सर. तिले बल्बचं काय करा लागते?"

आणि तीस वर्षं मुलांना टाळ्या वाजवायला लावणारा हा माणूस तापलेल्या स्लॅबवर मटकन बसला. "सर, ते तुमचं... न फिरनारं... आना नं. पाया पडतो."

प्राचार्यांची परवानगी घ्यायला मी विसरलो. अजून विसरलेलोच आहे. ऑटोतून खोकी आणली. सांगाडा नव्हताच. चारही पॅनेल विटांवर तिरपे टेकवले, दोरीनं आवळले. गावातल्या वायरमननं खोक्यात आलेला कंट्रोलर लावला आणि तारा इन्व्हर्टरच्या बॅटरीकडे सोडल्या. मग आम्ही वाट पाहिली. बॅटरीत थोडा जीव यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मामा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून खालचा श्वास मोजत होते. मध्येच थांबायचे, मग पुन्हा एकपासून.

खालून मशीनचा आवाज आला, फूस... फूस.

मामांनी पॅनेलवर हात ठेवला, फोडांचाच. चटका बसला असणार. काढला नाही.

"काईच हालून नाही राह्यलं सर," ते हळूच म्हणाले.

मामी वाचल्या, पण त्या दिवसांनी त्यांच्यातलं बरंच काही नेलं. त्यानंतर त्या खाटेवरून फारशा उठल्या नाहीत. मी दोनदा सांगून गप्प बसलो होतो, भांडलो नव्हतो. हे मामा मला कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पावसाळा सरल्यावर मामी गेल्या. त्या सकाळी लाईन होती, बॅटरी भरलेली होती, ऊन लख्ख होतं आणि वाराही सुटला होता. सगळं होतं.

तेराव्यानंतर मी भेटायला गेलो. मामा कंट्रोलरपुढे बसले होते. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"सर, याले बंद कसं कराचं?"

"तारा काढता येतील मामा. पण पॅनेलला बटण नसतं. ऊन आहे तोवर ते तयारच."

"म्हंजे घेनारं कोनी नसलं तरी?"

"तरी."

"मंग?"

"झाकायचं. दुसरा उपाय नाही."

ते आत गेले. मामींचं हिरवं लुगडं घेऊन आले. मी जिना चढू लागलो तर म्हणाले, "राहू द्या सर." वर गेले, लुगडं पसरलं, चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. बराच वेळ खाली आले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मुलगी त्यांना जालन्याला घेऊन गेली. पॅनेल मी परत मागितले नाहीत.

चिखलीहून येणारी माझी बस गावात शिरताना वळते, तिथून ते छत दिसतं. घराला कुलूप आहे. लुगडं आता जागोजागी विरलंय, त्यातून ऊन आत जात असणार. थोडीथोडी वीज होत असणार.