शिट्टीखालचा पाळणा

आखाडा बाळापूरच्या बाजारात जीपगाड्यांना टेप बसवून देणारे एक गृहस्थ होते. गाडीला काय झालंय, हे ते कधी विचारत नसत. आधी ऐकत आणि मग तोच आवाज तोंडाने हुबेहूब काढत. जुळला, की त्यालाच दम देत, "सापडलास बेट्या!"

पत्नी गेल्यावर तिच्या आवाजाची एकच कॅसेट माझ्याकडे उरली होती. एका बारशात तिने म्हटलेला पाळणा. घरचा टेप बिघडलेला, म्हणून ती जीपमध्ये लावायचो. इंजिन बंद ठेवावं तर पाळणा संपायच्या आतच जुनी बॅटरी उतरे. सुरू केलं, की टेपमधून शिट्टी येई आणि पाळणा तिच्याखाली बुडून जाई.

शेवटी जीप त्या गृहस्थांकडे नेली. त्यांनी ॲक्सिलेटर दाबला. शिट्टी चढली, तसे तेही चढ्या सुरात ओरडले. मग म्हणाले, "सर, दसऱ्याला गाडी रंगवली व्हय?"

"हो, पूजेसाठी."

"बोल्टाच्या जागेसकट! टेपची अर्थिंग रंगावर बसली, पत्र्याला लागलीच न्हाई. मंग इंजिनाचा करंट टेपात शिरून वरडंल न्हाई तर काय?"

त्यांनी पॉलिश पेपरने रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, टेपची अर्थिंगची वायर तिथे घट्ट आवळली आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारली, "थांबव रे जरा! सरांच्या घरचं माणूस गाऊन राहिलंय!"

इंजिन चालू होतं आणि शिट्टी नव्हती. पाळण्याच्या शेवटच्या कडव्यात ती शब्द विसरली आणि खळखळून हसली. कॅसेटमध्ये ते हसू आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

"ॲक्सिलेटर दाबा सर," बॉनेटवर थाप मारत ते ओरडले, "दाबायचा तेवढा दाबा!"

मी दाबला. ती हसतच होती.