एकाच रिपोर्टचं भाषांतर

मंडळी, आज दुपारी खांदेश्वरच्या एक काकू लॅबमधून थेट माझ्या बेलापूरच्या ऑफिसात आल्या. त्यांचा जावई मॉस्कोत कोरोनाने गेला. लेक तिथे एकटी आहे. तिच्याकडे जायला काका-काकूंच्या कोरोना रिपोर्टचं रशियन भाषांतर हवं होतं.

काकूंचा निगेटिव्ह होता, काकांचा पॉझिटिव्ह. रिपोर्ट इंग्रजीत होते, मीच वाचून सांगितलं. काकूंनी तिथूनच काकांना फोन लावून सांगितलं आणि स्पीकरवर ठेवला.

काका म्हणाले, "मॅडम, हिचं एकटीचं करा. आणि एका कागदावर रशियनमध्ये लिहून द्या, ही लेकीकडे चाललीय, हिला तुमची भाषा येत नाही, वाट दाखवा."

एवढ्या वर्षांत भाषांतर करताना मी पहिल्यांदा रडले.

उद्या मुंबईहून मॉस्कोला कुणी जातंय का? काकूंनी एकटीने कधीच प्रवास केलेला नाही.