उंदरांना न विचारलेली गोष्ट

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मालवीय नगरच्या बाजारात मटार निवडत होते. "बेबी, हे गेले गं," एवढंच ती म्हणाली. मी आधी मटार तोलून घेतले, मग भाजीवाल्या भैयाच्या स्टुलावर मटकन बसले. आता महिना होत आला, पण भीती अजून त्या स्टुलावरून उठलेली नाही.

दादा माझा थोरला भाऊ. आम्ही मूळचे वर्ध्याचे. बाबांच्या बँकेने जयपूरला आणलं आणि इथेच राहिलो. मेंदू स्वतःभोवती पाणी तयार करत असतो. ते मिनिटाला किती, हे उंदरांमध्ये मोजण्यात दादाची नोकरी सरली. उंदराला भूल द्यायची, पाण्याची पुढची वाट बंद करायची आणि डोक्यात बसवलेल्या केसाएवढ्या नळीतून ते किती सरकतं हे बघत बसायचं. मी त्याला 'पाणीपुरवठा खातं' म्हणायची.

या हिवाळ्यात त्याचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडू लागले, तो नावं विसरू लागला. त्याच्याच डोक्यात पाणी साठत होतं; नळी घालून ते पोटात सोडावं लागणार होतं. दादा घाबरला. मीही घाबरले, आणि घाबरले की मला विनोद सुचतात. म्हटलं, "जन्मभर नळ्या घातल्यास की रे. उंदीर कधी कुरकुरले?"

दादा म्हणाला, "त्यांना मी कधी विचारलंच नाही... तू मला विचारशील ना?"

नाही विचारलं. वहिनी रडत होती, डॉक्टर घाई करा म्हणत होते... मीच 'हो' म्हणून टाकलं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी त्याने माझा हात ओढून स्वतःच्या बरगड्यांवर ठेवला. प्रयोगात उंदराच्या अंगावर त्याची दोन बोटं अशीच असायची, श्वास मोजत. "यंत्र उशिरा सांगतं," तो म्हणाला. मी मोजत बसले. चुकले की पुन्हा एकपासून. तिसऱ्या सकाळी त्याला मटार घातलेले पोहे हवेसे वाटले, म्हणून मी हात काढला...

डॉक्टर म्हणतात, मेंदूत रक्तस्राव झाला, यात तुमचा काय दोष? दुपारपर्यंत मला ते पटतं. मग आमचे हे जेवून आडवे होतात. मी जवळ जाऊन बसते, पण हात लगेच पुढे करत नाही.

"ठेवू?"

"ठेव," डोळे न उघडता ते म्हणतात. "जिवंत आहे मी, पण ठेव."

मी एकपासून सुरू करते.