होडीखालचा बिबट्या

हसायचं नाय असं आधी कबूल करा, मंगच सांगतो. नाय जमणार? बरं, हसा. सगळी राजुरी हसली, तुमी कोण मोठे लागून गेलात!

माझ्या शेततळ्यात मासे हायेत. त्यांना खाद्य टाकायला एक जुनी फायबरची होडी घेतली व्हती. मधी दोन वर्षं तळं कोरडं, म्हणून ती उसाच्या कडंला पालथी घालून ठेवली. औंदा तळं भरलं, माशाची पिल्लं सोडली आन् होडी बघायला गेलो, तर बाभळीची फांदी पडून बुडाला ही वीतभर चीर! आरपार!

मंचरचा दुकानदार शेठ म्हणला, "तात्या, नुसतं वरून लावून भागत नाही. आतनं पण पॉलिश पेपरनं घासा, मग फायबरचं कापड आन् रेझिन लावून दोन थर द्या. होडी सरळ करायला मात्र चार माणसं घ्या."

चार माणसं? समदी कांदा काढायला गेलेली. आन् कुणाच्या मिनतवाऱ्या करायची आपल्याला सवय नाय. मंचरहून घरी न जाता थेट रानात आलो. गाडी रस्त्याला, मोबाईल गाडीच्या डिकीत. बांबू घालून होडीची एक कड उचलली, खाली दगडाचा टेकू दिला आन् बॅटरी घेऊन शिरलो आत. चार माणसं म्हणं!

तोंडाला फडकं बांधून तासभर झ्याक घासलं. डब्यात रेझिन ओतून ठेवलं. तेवढ्यात पाय लागला, टेकू निसटला आन् होडी धप्पकन खाली! उचलून बघितली, हालंना. बोटभर फटीतून उजेड तेवढा येत व्हता. आता हाक मारणार, तोच बाहेर आमचा बांधावरचा शेजारी दत्तू कोकलला,

"आरं पळाऽऽ! बिबट्या! होडीपाशी धडपडतोय!"

माझी बोबडीच वळली. तुमी हसताय, पण आमच्याकडं बिबट्या म्हंजे काय चेष्टा हाये का? ह्याच दत्तूची कालवड मागच्या महिन्यात नेली. आन् आता त्यो माझ्या डोक्याशी उभा! मधी काय, तर बोटाएवढं जाड फायबर. तेबी चिरलेलं!

तोंड दाबून पडून राह्यलो. पण रेझिनचा वास घशात गेला आन् दाबून धरलेला खोकला असा घरघरत निघाला, की बाहेर एकच बोंब उठली.

"गुरगुरला! गुरगुरला!"

मी हादरलो. एवढ्या जवळ गुरगुरला आन् मला ऐकूच आलं नाय? म्हंजे भीतीनं माझे कान गेले!

हात लटालटा कापायला लागला. हातात पॉलिश पेपर तसाच. त्यो होडीला लागून खर्र खर्र वाजायला लागला.

"नख्या मारतोय रं होडीला!"

झालं! म्हणलं, आता चिरीतून पंजा आत येणार. खंडोबाला बकरं बोललो. मंग वाटलं एकानं भागायचं नाय, दोन बोललो.

एवढ्यात बायकोचा, सुरेखाचा आवाज आला. जिवात जीव आला. म्हणलं, ही तरी माझी चौकशी करंल. तर ती काय म्हणती?

"बरं झालं बाई, हे मंचरला गेलेत. हितं असते तर पयले हेच होडीखाली लपले असते!"

समदे खदाखदा हसले. बिबट्या समोर असताना हसले! लई राग आला राव. पण उत्तर द्यायची छाती व्हईना.

मंग वनखात्याची माणसं आली. शेजारच्या उसात पिंजरा आधीच लावलेला व्हता, त्योच त्यांनी ट्रॅक्टरनं आणला. वनरक्षक दबक्या आवाजात सांगत व्हता, "पिंजऱ्याचं तोंड होडीला भिडवा. लांबनं बांबूनं कड उचला. कुणी आवाज करायचा नाही."

मला भरूनच आलं. म्हणलं, ह्यांना कळलं! मी आत हाये हे कळलं. बिबट्या बाहेर, म्हणून मला वाचवायला पिंजरा आणला. माणूस आत, जनावर बाहेर. काय डोकं चालवलं पोरांनी!

कड उचलली. समोर उघडा पिंजरा. तोंडाला फडकं, अंगभर पांढरी भुकटी, केसांत रेझिन, असा मी चार पायांवर सुसाट आत शिरलो. दार पाडणाऱ्या पाटीवर गुडघा पडला आन् धाडकन दार बंद!

"सापडलाऽऽ!"

आरोळी उठली आन् मधीच विरली. बाजूच्या कप्प्यातली आमिषाची कोंबडी माझ्याकडं बघती, मी तिच्याकडं.

दत्तू दबकत पुढं आला. "तात्या? तुमी?"

सुरेखानं पदर तोंडात कोंबला. वनरक्षकानं कपाळाला हात लावला आन् म्हणला, "उघडा रे दार."

मी आतनं दोन्ही हातांनी दार घट्ट धरलं आन् जीव खाऊन वरडलो, "खबरदार कुणी दार उघडलं तर! आधी बिबट्या धरा!"

दत्तू म्हणला, "तात्या, धरलाय की!"